आदिवासी कला : मान आणि अधिकार

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या शहरांत शाळा-कार्यालयांच्या भिंतींवर वारली चित्रे दिसतात. स्नेहसंमेलनांत तारपा नृत्यही होते. आदिवासी कलेचा असा गौरव होतो, ही समाधानाची बाब होय. परंतु काय दाखवावे, केव्हा दाखवावे आणि काय दाखवू नये, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

१८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये वारली, ठाकूर व कातकरी यांची माहिती आहे. ती परकीय राज्यकर्त्यांनी कारभाराच्या सोयीसाठी जमविली होती. ज्यांच्याविषयी लिहावयाचे त्यांना विचारावयाचे नाही, ही त्या काळची रीत आजही पुरती गेलेली नाही.

वारली घरात लग्नाच्या वेळी सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक काढतात. त्यात पालघट देवीची स्थापना असते. धवलेरी गीते गाऊन विवाह लावते. चौक हा त्या विधीचाच भाग आहे. तो केवळ शोभेचा नमुना नव्हे. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने ही कला कागदावर आली. जिव्या सोमा म्हसे यांनी तिला स्वतंत्र रूप दिले. १९८९ मध्ये त्यांची चित्रे पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली गेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विधीतील चित्र निराळे व विक्रीचे चित्र निराळे, हा विवेक कलावंतांनीच करावयाचा असतो.

तारपा नृत्याचेही तसेच आहे. तारपा वाजविणारा मध्ये आणि नाचणारे हात गुंफून त्याच्याभोवती, असा हा फेर असतो. त्याला मोकळे अंगण हवे. समोरच्या प्रेक्षकांसाठी बांधलेल्या रंगमंचावर, पाच मिनिटांच्या मर्यादेत, फेराची रांग होते आणि नृत्याचा प्राणच हरपतो.

न्यूझीलंडमधील माओरी लोकांच्या कलावस्तू १९८४ साली न्यूयॉर्कला प्रदर्शनासाठी गेल्या, त्या त्यांच्या जमातींच्या संमतीनेच. वडीलधारी मंडळी सोबत गेली आणि पहाटे त्यांनी आपल्या रीतीने विधी केल्यावरच प्रदर्शन खुले झाले. संग्रहालयाचे त्यात काहीही उणे झाले नाही.

आपल्याकडेही हे अशक्य नाही. बदलापूरच्या परिसरात ठाकूर व कातकरी यांच्या वाड्या आहेत. त्यांची गाणी व नाच त्यांचे स्वतःचे आहेत. सर्वांवर एकच वारली नमुना लादणे योग्य नव्हे. कार्यक्रम ठरविण्यापूर्वी शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी वाडीवर जाऊन जाणत्या स्त्री-पुरुषांचा सल्ला घ्यावा. ऋतू, जागा व वेळ त्यांना ठरवू द्यावी. जे देवाचे म्हणून दाखविता येत नाही असे ते सांगतील, त्याचा आग्रह धरू नये. कलावंतांची नावे जाहीर करावीत व योग्य मानधन द्यावे.

अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना आपल्या रूढी-परंपरा जतन करण्याचा अधिकार १९९६ च्या केंद्रीय कायद्याने मान्य केला आहे. त्या क्षेत्राबाहेर हाच आदर दाखविण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.