एकच वायर, पण कोणती?

लेखमाला : घरातली वीज – भाग ११

मागच्या भागात इन्व्हर्टरच्या बॅटरीबद्दल लिहिलं, तेव्हा एक प्रश्न बाकी ठेवला होता. लाईट गेल्यावर साठवलेली वीज फोनपर्यंत पोचवायची कशी? प्रश्न किरकोळ वाटतो. पण ३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, आणि त्यानंतरचे दिवस ज्यांनी श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड भागात काढले त्यांना तो किरकोळ वाटणार नाही. ताशी ११०-१२० किलोमीटरच्या वाऱ्यात विजेचे खांब आडवे झाले, नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट झाल्या, आणि कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. त्यात करोनाचे दिवस. मुंबईतली मुलं गावाकडचा आवाज ऐकू यावा म्हणून तळमळत होती. पंचनाम्यासाठी पडलेल्या घराचा फोटो काढायचा तर फोन, आणि पत्रे, ताडपत्री मागायची तरी फोनच.

जिथे जनरेटर, तिथे फोन चार्जिंगला लागायचे. पण नुसती वीज मिळून भागत नव्हतं, पिनही जुळावी लागायची. त्या काळात एकाच आळीत जुन्या नोकियाची बारीक गोल पिन, मायक्रो यूएसबी, नवी सी टाईप आणि आयफोनची वेगळी पिन अशी चार तोंडं एकत्र नांदत होती. ज्याचा चार्जर छपराबरोबर पावसात गेला, त्याला शेजाऱ्याचा चार्जर लागेलच असं नव्हतं.

घरातली सगळी यंत्रं एकाच प्रकारच्या वायरीवर आणण्याकडे मी म्हणूनच या बाजूने पाहतो. शहरात त्यामुळे बॅगेतलं ओझं कमी होतं, ते चांगलंच आहे. आपल्या किनाऱ्यावर मात्र शेजाऱ्याची वायर आपल्याला आणि आपली शेजाऱ्याला लागणं, ही आपत्तीच्या तयारीतली एक खरी गोष्ट आहे. घरात मेणबत्ती आणि काडेपेटी जितकी जपून ठेवतो, तितकीच एक चांगली सी टाईप वायर जपून ठेवावी.

ही पिन आली कुठून, ते थोडक्यात सांगतो. यूएसबी हे मानक १९९६ मध्ये आलं. ते घडवणाऱ्या इंटेलमधल्या चमूचं नेतृत्व अजय भट्ट या वडोदऱ्यात शिकलेल्या अभियंत्याकडे होतं. जुनी चौकोनी पिन दर वेळी उलटी लागते, ही साऱ्या जगाची तक्रार. दोन्ही बाजूंनी बसणारी पिन करायची तर तारा आणि खर्च दोन्ही दुप्पट झाले असते, म्हणून तेव्हा ते टाळलं, असं भट्ट यांनी पुढे सांगितलं. ती उणीव ऑगस्ट २०१४ मध्ये जाहीर झालेल्या सी टाईपने भरून काढली. चोवीस संपर्कबिंदू, वर-खाली कशीही घाला. युरोपीय संघाने कायदाच केला आणि २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोन, टॅबलेट, कॅमेरा, हेडफोन यांना सी टाईप सक्तीची झाली. वापरून फेकलेल्या आणि न वापरता पडून राहिलेल्या चार्जरचा वर्षाला सुमारे ११,००० टन कचरा होतो, हा त्यांचा अंदाज त्यामागे होता. आयफोननेही सप्टेंबर २०२३ मध्ये आपली वेगळी पिन सोडली. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने नोव्हेंबर २०२२ मध्ये उत्पादक आणि ग्राहक संघटनांना एकत्र बसवलं, तेव्हा स्मार्टफोन, टॅबलेट आणि लॅपटॉपसाठी सी टाईपवर सहमती झाली. पाठोपाठ भारतीय मानक ब्युरोने या पिनेचं भारतीय मानकही प्रसिद्ध केलं.

इथवर सगळं सरळ आहे. गुंतागुंत पुढे आहे, कारण तोंड सारखं असलं तरी आतली वायर सारखी नसते.

आधी सर्वांत जास्त विचारली जाणारी शंका. लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर फोनला लावला तर फोन जळेल का? नाही जळणार. सी टाईपच्या चार्जरमधून वीज येताना ती आधी ५ व्होल्टनेच येते. मग चार्जर आणि यंत्र वायरीतून एकमेकांशी बोलणी करतात. चार्जर सांगतो की माझ्याकडे ५, ९, १५, २० व्होल्ट आहेत, आणि यंत्र आपल्याला हवा तो आकडा मागतं. मागितल्याशिवाय जास्त व्होल्ट येत नाहीत. म्हणून घरात एकच चार्जर घ्यायचा असेल तर मोठा घ्यावा. त्यावर लॅपटॉपही चालतो, फोनही, कानातले बड्सही. उलट फोनच्या १५ वॅटच्या चार्जरवर लॅपटॉप बहुधा दादच देत नाही.

या बोलणीचा फायदा कमी वेळ वीज असणाऱ्यांना सर्वांत जास्त. आपल्या जिल्ह्यातलं घारापुरी बेट आठवा. मुंबईच्या इतकं जवळ, पण शेतबंदर, राजबंदर आणि मोरबंदर या तिन्ही वस्त्यांना कायमची वीज मिळायला २०१८ चा फेब्रुवारी उजाडावा लागला, समुद्राखालून सुमारे ७.५ किलोमीटरची केबल टाकावी लागली. त्याआधी बेटाची भिस्त जनरेटरवर, तोही संध्याकाळचे काही तास. ५,००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-तास वीज. ५ वॅटच्या जुन्या चार्जरवर ती भरायला चार-साडेचार तास तरी जातात, २५ वॅटवर दीडेक तास. वादळानंतर जनरेटर दोनच तास चालणार असेल, तर या फरकावर फोन पूर्ण भरतो की अर्धाच राहतो, हे ठरतं. एक अडचण मात्र आहे. काही कंपन्यांची ८०-१०० वॅटची स्वतःची वेगळी पद्धत असते. ते फोन दुसऱ्या कंपनीच्या चार्जरवर चार्ज होतात, पण तितके झरझर नाही.

आता वायरीकडे. सी टाईप ते सी टाईप साधी वायर ३ अँपिअर वाहून नेते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. त्यापुढे ५ अँपिअरची वायर लागते, आणि तिच्या पिनेत एक चिमुकली चिप असते जी चार्जरला सांगते की मी एवढा भार सोसू शकते. ती चिप नसेल तर चार्जर ६० वॅटच्या पुढे जात नाही. आजच्या प्रमाणित वायरींवर ६० वॅट किंवा २४० वॅट असा छाप असतो. घरासाठी ६० वॅटची पुरते. मोठा लॅपटॉप असेल तर २४० ची घ्यावी. छापच नसलेली, हाताला हलकी लागणारी वायर स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. गूगलमधले अभियंता बेन्सन लुंग यांनी २०१५-१६ मध्ये बाजारातल्या सी टाईप वायरी विकत घेऊन एकेक तपासल्या. त्यातल्या एका चुकीच्या जोडणीच्या वायरीने त्यांचा लॅपटॉप निकामी केला. त्यानंतर ॲमेझॉनने अप्रमाण सी टाईप वायरींच्या विक्रीवर बंदी घातली. चार्जर आणि फोन कितीही शहाणे असले, तरी मधली वायर खोटी निघाली तर त्यांचं शहाणपण वाया जातं.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्यापायी चांगल्या वस्तू कचऱ्यात जातात. स्वस्तातली टॉर्च, ट्रिमर, डासांची रॅकेट, नेकबँड. खोबणी सी टाईपची. नव्या चार्जरला दोन्ही बाजूंनी सी टाईप असलेली वायर लावली, तर दिवाही लागत नाही. टॉर्च बिघडली असं वाटतं. बिघडलेली नसते. सी टाईपचा चार्जर पलीकडे कोणी आहे याची खात्री होईपर्यंत वीज सोडतच नाही, आणि ती खात्री त्याला यंत्रातल्या ५.१ किलोओहमच्या रोधकामुळे होते. काही पैशांचा तो भाग काही उत्पादक वाचवतात. मग चार्जरच्या लेखी पलीकडे कोणी नसतंच. अशा वस्तूला जुन्या चौकोनी पिनेची, दुसऱ्या टोकाला सी टाईप असलेली वायर लावा. चौकोनी खोबणीत ५ व्होल्ट कायम असतात, ती कोणाला काही विचारत नाही, आणि टॉर्च चार्ज होऊ लागते. म्हणून सगळं सी टाईपवर आणलं तरी अशी एक वायर आणि जुना चार्जर घरात राहू द्या. दुकानदारांनाही माझी विनंती आहे, वस्तू परत घेऊन आलेल्या माणसाला नवी विकण्याआधी हे एकदा करून दाखवा.

चौकोनी खोबणीत वीज कायम असते, याचा आपल्या खाऱ्या हवेशीही संबंध आहे. मीठ आणि ओलावा धातूवर बसला की गंज येतोच, पण त्या धातूत व्होल्टेजही असेल तर तो कितीतरी झपाट्याने खातो. पिनेवर दिसणारी हिरवट पुटं ही तांब्याच्या क्षारांची. समुद्रालगतच्या घरांत भिंतीच्या बोर्डावर बसवलेल्या चौकोनी यूएसबी खोबण्या रात्रंदिवस चालू असतात. सी टाईपची खोबणी वायर लागेपर्यंत मृत असते, म्हणून ती या हवेत अधिक बरी. नागाव, काशीद, दिवेआगरला घरगुती निवास चालवणाऱ्यांनी नवे बोर्ड बसवताना हे ध्यानात घ्यावं, आणि जुन्या खोबण्यांना बटण ठेवावं.

फोन समुद्रात भिजला, किंवा पावसात खिशातच चिंब झाला, तर तो चार्जिंगला लावू नका. ओल्या पिनेत वीज सोडणं हेच खरं नुकसान करतं. खोबणी खाली करून हळूच झटका, पंख्यासमोर ठेवा, आणि पूर्ण वाळेपर्यंत, वेळ पडली तर एक दिवस, थांबा. तांदळाच्या डब्यात फोन पुरण्याचा उपाय आपल्या भाताच्या मुलखात घरोघर चालतो. ॲपलने तो करू नये असं स्पष्ट सांगितलंय, कारण तांदळाचे बारीक कण आत जाऊन इजा करू शकतात. कापूस किंवा कागदाची सुरळीही खोबणीत घालू नये.

शेवटी बोटींबद्दल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि त्या दिवसांत डागडुजी चालते. बोटीवरची बॅटरी १२ किंवा २४ व्होल्टची असते. गाडीत बसवतात तसला, १२ आणि २४ दोन्ही व्होल्ट चालणारा सी टाईपचा सॉकेट मिळतो. तो फ्यूज घालून केबिनमध्ये, तुषार उडणार नाहीत अशा उंचीवर बसवावा आणि त्याला रबरी झाकण असावं. वायरी दोन ठेवा, त्यातली एक कोरड्या डब्यात बंद. फोन, हेडलॅम्प आणि सी टाईपवर चार्ज होणारा वॉकीटॉकी असेल तर तोही, एवढ्यावर चालेल. तांडेलाच्या फोनची बॅटरी संपली तर खलाशाची वायर त्याला लागेल.

पुढच्या भागात पॉवर बँक. तिच्यावर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं, मग ५,००० चा फोन तिच्याने दोनदा पूर्ण का भरत नाही, त्याचा हिशेब मांडू.