गळाच्या काठीची बुचाची मूठ
बूच म्हणजे कॉर्क ओक या झाडाची साल. जगातलं जवळपास निम्मं बूच एकटा पोर्तुगाल पुरवतो, तेही झाड न तोडता, दर 9 वर्षांनी साल सोलून. तिच्या बंद पेशींत हवा कोंडलेली असते. म्हणून मूठ वजनाला हलकी आणि थंडीतही हाताला ऊबदार लागते.

घरी मूठ करणारे बुचाच्या चकत्या सळईवर ओवून पाण्याने न सुटणाऱ्या गोंदाने चिकटवतात. सळईला आधी मेण चोळायचं, नाहीतर मूठ निघतच नाही. आकार देताना लेथवर पटाशी लावली तर बुचाचे लचके तुटतात. खरं काम पॉलिश पेपरचं: आधी जाड, मग बारीक, अगदी हलक्या हाताने. खड्डे बुचाच्याच भुशात गोंद कालवून भरावेत. धूळ फार उडते, मास्क लावाच.