भ्रमराचा गंधमार्ग

संस्कृत काव्यांतला भ्रमर मधासाठीं फिरतो. परंतु एका जातीचा नर भ्रमर दिवसाचे दिवस निराळ्याच कामासाठीं फिरत असतो, हें पस्तीस वर्षें श्लोक शिकवूनहि मला ठाऊक नव्हतें.

आपल्या घरांचे वांसे पोखरणारा काळा भुंगा तो हा नव्हे. हा केसाळ, बहुधा पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा, थंड प्रदेशांतला. भारतांत तो हिमालयांत आढळतो. इंग्रजींत यास बंबलबी म्हणतात.

१८५४ सालीं इंग्लंडांतील डाउन गांवीं चार्ल्स डार्विन याच्या एका मुलास हे भुंगे एका वृक्षाच्या बुंध्याशीं एकामागून एक येतांना दिसले. डार्विननें पाळत ठेविली. भुंगा ठरलेल्या जागीं क्षणभर घोंघावे आणि ठरलेल्या वाटेनें पुढें जाई. मग प्रत्येक जागेजवळ एकेक मूल उभें केलें. भुंगा आला कीं मुलानें ओरडून सांगावयाचें! (घरांत मुलें पुष्कळ असल्याचा असाहि उपयोग होतो.) वाट सांपडली, पण कोडें सुटेना. हे नर हिंवाळ्यापूर्वींच मरतात. मग पुढील वर्षींचे नवे नर त्याच जागा कशा ओळखतात?

विसाव्या शतकांत स्वीडनमध्यें कुलेनबर्ग व बर्गस्ट्रॉम यांच्या संशोधनानें या वाटेचें मर्म पुष्कळसें उघड झालें. नर सकाळीं पानांवर व डहाळ्यांवर आपल्या ओष्ठग्रंथींतला सुगंधी स्राव लावतो आणि मग त्या खुणांवरून फेऱ्या घालतो. गंधानें तरुण राणीमाशी तिकडे ओढली जाते. प्रत्येक जातीचें गंधमिश्रण वेगळें. वाटेची उंचीहि वेगळी, कोणाची जमिनीलगत, कोणाची वृक्षांच्या शेंड्यांशीं. मात्र गंध वरचेवर नव्यानें लावावा लागतो, त्यामुळें जुन्या जागांचें कोडें एवढ्यानें पुरतें सुटत नाहीं.

समागमाची गोष्ट संकोचाची, पण ती सांगितल्यावांचून विषय अपुरा राहील. एका जातींत तो अर्धा तास चालतो. बीज मात्र पहिल्या कांहीं मिनिटांतच दिलें जातें. उरलेल्या वेळांत नर राणीच्या गर्भमार्गांत चिकट बूच बसवितो. त्यांतील लिनोलेइक आम्लामुळें राणी पुन्हा दुसऱ्या नराकडे वळत नाहीं, असें २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलें. हेंच आम्ल आपल्या करडईच्या तेलांत विपुल असतें!

घरटें सोडून गेलेला नर बहुधा परत येत नाहीं. रात्र तो एखाद्या फुलावर काढतो. अनेकांना राणी कधींच भेटत नाहीं. थंडी पडूं लागली कीं नर संपतात, आणि त्यांतल्या एखाद्याचें बीज पोटांत घेऊन राणी मातींत शिरून वसंताची वाट पाहते.