विषाणूचे सोंग घेणारी पेशी

वारशाने आलेले विषाणू

मानवी जनुकसंचात प्रथिने घडवण्याची माहिती असलेला भाग जेमतेम दीड-दोन टक्के आहे. याउलट सुमारे ८ टक्के भाग रेट्रोव्हायरस गटातील विषाणूंच्या अवशेषांचा आहे. हे विषाणू आपल्या आरएनएची डीएनए-प्रत काढून ती यजमान पेशीच्या डीएनएमध्ये घुसवतात. लक्षावधी वर्षांपूर्वी असे काही विषाणू पूर्वजांच्या बीजपेशींत शिरले आणि त्यांच्या प्रती पुढील पिढ्यांत उतरत आल्या. बहुतेक अवशेष आज मोडके आहेत. काही मात्र कामी आले: गर्भाची वार घडवणारे सिन्सिटिन हे प्रथिन अशाच एका विषाणूच्या जनुकातून आले आहे.

मिथाइलचे कुलूप

हे अवशेष निरोगी पेशीत सहसा वाचले जात नाहीत. डीएनएमधील सायटोसिन या घटकावर मिथाइलचा लहानसा गट बसवून पेशी त्यांना गप्प ठेवते. पेशीविभाजनात तयार होणाऱ्या नव्या धाग्यावर हे गट नसतात. डीएनएमटी-१ हे विकर जुन्या धाग्याबरहुकूम ते पुन्हा बसवते. म्हणजे कुलूप प्रत्येक विभाजनागणिक नव्याने लावावे लागते.

विषाणू-अनुकरण

कुलूप निघाले की अवशेषांपासून आरएनए बनू लागतो. काही ठिकाणी डीएनएचे दोन्ही धागे वाचले जातात, त्यांचे परस्परपूरक आरएनए एकमेकांना चिकटतात आणि दुपदरी आरएनए तयार होतो. अनेक विषाणूंची वाढ होताना हेच रूप दिसते. पेशीतील एमडीए-५ हे संवेदक प्रथिन दुपदरी आरएनएची लांबी व रचना ओळखते. तो बाहेरून आला की घरातलाच, हे त्याला कळत नाही. परिणामी संसर्ग नसतानाही इंटरफेरॉन हे विषाणू आल्याचा इशारा देणारे प्रथिन स्रवते. यालाच विषाणू-अनुकरण म्हणतात.

कर्करोगाशी संबंध

अनेक अर्बुदे प्रतिकारयंत्रणेच्या नजरेतून निसटतात. इंटरफेरॉनमुळे पेशी आपल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर अधिक प्रमाणात मांडते आणि प्रतिकारयंत्रणेच्या टी-पेशींना ती ओळखता येते. अझासिटिडीन व डेसिटाबीन ही औषधे नव्या डीएनएमध्ये सायटोसिनची जागा घेतात. त्यांच्या वलयात कार्बनच्या एका जागी नायट्रोजन असल्याने डीएनएमटी-१ तिथेच अडकून पडते आणि कुलूप लागत नाही. दबलेली कर्करोगरोधक जनुके जागी होणे, एवढेच या औषधांचे मुख्य कार्य मानले जाई. २०१५ मध्ये टोरांटो व बाल्टिमोर येथील दोन संशोधनगटांनी त्यांचा परिणाम विषाणू-अनुकरणातूनही होतो, हे कर्करोगपेशींत दाखवले. अझासिटिडीनला अमेरिकेत २००४ मध्ये अस्थिमज्जेच्या मायलोडिस्प्लास्टिक विकारांसाठी मान्यता मिळाली आहे.

पेशीचा बचाव

दुपदरी आरएनए केवळ विषाणूंच्या अवशेषांपासूनच बनतो असे नाही. जनुकसंचात आलू नावाच्या सुमारे ३०० अक्षरी तुकड्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती आहेत. दोन प्रती उलटसुलट दिशांनी शेजारी आल्या, तर त्यांचा आरएनए केसाच्या आकड्यासारखा दुमडून दुपदरी होतो. एडीएआर-१ हे विकर त्यातील अ‍ॅडेनोसिनचे इनोसिन करते; त्यामुळे जोड्या नीट बसत नाहीत आणि एमडीए-५ शांत राहते. काही अर्बुदे या विकरावर तगून असतात. म्हणून मिथाइलचे कुलूप काढतानाच एडीएआर-१लाही रोखण्याचा मार्ग प्रयोगशाळांत अभ्यासला जात आहे.

मर्यादा

हेच अवशेष निरोगी पेशींतही आहेत, त्यामुळे इशारा तिथेही उठू शकतो. एडीएआर-१मध्ये जन्मजात दोष असल्यास एकार्डी-गुतिएर हा विकार होऊ शकतो. त्यात तान्ह्या मुलांच्या मेंदूला संसर्गाविनाच इजा होते. इंटरफेरॉन दीर्घकाळ स्रवत राहिल्यास टी-पेशी थकतात. काही अर्बुदांनी संवेदकांची यंत्रणाच बंद केलेली असते, तिथे दुपदरी आरएनए असूनही इशारा पुढे जात नाही. त्यामुळे मात्रा, कालावधी आणि रुग्णाच्या अर्बुदात ही यंत्रणा शाबूत आहे का याची तपासणी, या तीन गोष्टींवर उपचाराचे यश अवलंबून राहते. ज्या इशाऱ्याने अर्बुद उघडे पडते, त्यानेच तान्ह्या मुलाचा मेंदू होरपळतो; म्हणून या उपचारात कुलूप काढण्याइतकेच ते वेळेवर पुन्हा लागणे महत्त्वाचे आहे.