करदात्यांचा शोध आणि पेटंटचा हक्क

सरकारी पैशातून, म्हणजे तुमच्याआमच्या करांतून, विद्यापीठात एखादा शोध लागला, तर त्याचे पेटंट घेऊन तो कारखानदाराला विकावा कशाला? तो सर्वांना मोकळा का नसावा? प्रश्न रास्त आहे. आम्हीही एके काळी असेच म्हणत असू.

पण प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रात जमलेली गोष्ट कारखान्यात जमेलच असे नाही. त्यासाठी यंत्रे, चाचण्या, वर्षे आणि बुडण्याची तयारी लागते. शेजारी उद्या तीच वस्तू आयती करणार असेल, तर पैसा घालतो कोण? अमेरिकेत सरकारपाशी सुमारे २८,००० पेटंटे साचली होती. त्यांतली पाच टक्केही उद्योगांकडे गेली नव्हती. १९८० मध्ये तेथे बे-डोल कायदा झाला. शोधाची मालकी विद्यापीठाला मिळू लागली, संशोधकाला वाटाही. सरकारने मात्र स्वतःसाठी विनामूल्य वापर राखला, आणि शोध पडून राहिला तर दुसऱ्याला परवाना देवविण्याचा हक्कही. आमच्या मते त्या कायद्याचे मर्म या राखलेल्या हक्कांतच आहे.

आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९८९ साली डॉ. रघुनाथ माशेलकर संचालक झाले. आपल्या शास्त्रज्ञांचा ओढा निबंधाकडे. आणि निबंध आधी छापला की नावीन्य गेले, त्याबरोबर बहुधा पेटंटही! माशेलकरांचा आग्रह असा, की आधी अर्ज, मग निबंध. पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकवरील तेथल्या कामाची दखल त्या धंद्यातली बडी जनरल इलेक्ट्रिक कंपनी घेते झाली, आणि तिने प्रयोगशाळेशी सहकार्य केले.

अमेरिकेच्या धर्तीवरचे विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत आले. २०१४ मध्ये ते मागे घेतले गेले. संशोधन बाजारामागे धावेल, लोकांना एकाच वस्तूचे पैसे दोनदा मोजावे लागतील, अशी भीती होती. ती अगदीच खोटी नव्हती.

मग आपल्या द्राक्षांचे काय? सरकारी अनुदानावर चालणाऱ्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ‘एआरआय-५१६’ हा रसाला उत्तम वाण काढला. आपल्या कायद्याने वनस्पतीच्या वाणाला पेटंट मिळत नाही. त्यासाठी २००१ चा निराळा कायदा आहे. त्यात वाण काढणाऱ्याला हक्क आहे, तसाच निफाडच्या बागाईतदारालाही. आपल्या शेतातले बियाणे त्याने राखावे, लावावे, शेजाऱ्याला द्यावे, विकावेसुद्धा. फक्त संरक्षित वाणाच्या नावाचा छाप मारून विकू नये.