‘फिकार’ : राहण्याचे आणि होण्याचेही क्रियापद

पाव, बटाटा, चावी, पगार, बिजागरी. पोर्तुगीजांकडून मराठीत आलेले शब्द बहुतांशी नामेच आहेत. वस्तू आल्या, त्यांची नावे आली; क्रियापदे मात्र समुद्रापलीकडेच राहिली. ‘फिकार’ हे त्यांपैकीच एक. पोर्तुगाल आणि ब्राझीलमध्ये ते रोजच्या बोलण्यात सतत कानी पडते. आपल्या ‘फिकीर’शी त्याचे काहीही नाते नाही. ‘रोवणे, घट्ट बसवणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून ते आले आहे.

त्याचा पहिला अर्थ राहणे, थांबणे. ‘फीकु एम काझा’ म्हणजे ‘मी घरी राहतो’. एखादी इमारत कोठे आहे, हे विचारतानाही हेच क्रियापद येते. ‘कोम’ हे अव्यय जोडले की अर्थ होतो ‘स्वतःकडे ठेवणे’. एखाद्याला सदरा शोभून दिसतो, हेही त्यानेच सांगता येते. आशा फोल ठरलेला माणूस तेथे ‘जहाजे पाहत राहतो’. दर्यावर्दी राष्ट्राला साजेसाच हा वाक्प्रचार!

नवख्याला कोड्यात टाकतो तो दुसरा अर्थ. आजारी पडणे, आनंदित होणे, गरोदर राहणे या साऱ्यांसाठी ‘फिकार’च. थांबण्याचे क्रियापद बदल कसा दाखवते? बदल घडला आणि माणूस त्या नव्या अवस्थेत स्थिरावला, असा त्यामागचा भाव आहे. ‘तिला दिवस राहिले’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला तो परका वाटू नये. ब्राझीलची तरुण पिढी मात्र कोणतेही बंधन नसलेल्या तात्पुरत्या जवळिकीलाही ‘फिकार’ म्हणते. न टिकणाऱ्या नात्याला राहण्याचे क्रियापद!

याच शब्दाने ब्राझीलच्या इतिहासालाही वळण दिले. नेपोलियनच्या आक्रमणामुळे १८०७ मध्ये पोर्तुगालचे राजघराणे ब्राझीलकडे निघाले. १८२१ मध्ये राजा जुआंव सहावा मायदेशी परतला. पुत्र पेद्रो रिओ द जानेरोत राज्यकारभार पाहू लागला. लिस्बनच्या संसदेने त्यालाही परत बोलावले. त्याने जाऊ नये, असा अर्ज हजारो सह्यांनिशी त्याच्यापुढे आला. ९ जानेवारी १८२२ रोजी त्याने उत्तर दिले : ‘फीकु’, मी राहतो. तो दिवस आजही ‘दिया दु फीकु’ म्हणून ओळखला जातो. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला पेद्रोने ब्राझीलचे स्वातंत्र्य घोषित केले. तो राहिला, म्हणूनच वसाहतीचे राष्ट्र झाले.