शलमोनाची सोयरीक आणि फारुकींचा शिलालेख

हिब्रू धर्मग्रंथातील ‘राजे’ या भागात शलमोनाच्या वैभवाचे जे वर्णन आहे, त्यातील एक गोष्ट घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटते. मिसर देशाच्या फारोने गेजेर नगर जिंकून जाळले व ते आपल्या कन्येस आंदण दिले. ती शलमोनाची राणी झाली. मग शलमोनाने तेच नगर पुन्हा वसविले आणि यरुशलेमेत तिच्यासाठी निराळा वाडा उठविला. देवालयास ७ वर्षे लागली, राजगृहास १३, हेही ग्रंथकार सांगतो. त्या फारोकन्येचे नाव मात्र तो सांगत नाही. उलट शलमोनानंतर गादीवर बसलेल्या रहबामाची आई नामा, आणि ती अम्मोनी होती, हे तो आवर्जून नोंदवितो. यहूदाच्या पुढील बहुतेक राजांच्या मातांची नावेही त्याने दिली आहेत. राजा कोणत्या कुशीतून आला, ही चौकशी त्या बखरीत आहे.

हे वाचताना आम्हां बुऱ्हाणपूरकरांना येथील जामा मशीद आठवल्यावाचून राहत नाही. खानदेशचा फारुकी सुलतान राजा अलीखान ऊर्फ आदिलशाह याने ती बांधविली. तिच्यात अरबी लेखाबरोबर शके १५११, विक्रम संवत् १६४६ चा संस्कृत लेखही आहे, आणि तो वाचून दाखविताना आमचे विद्यार्थी दरवेळी चकित होतात. लेखातील वंशावळ अशी: राजा मलिक, गजनी (म्हणजे नसीरखान), केसरखान, हसन, एदलशाह, मुबारख, पुन्हा एदलशाह. गंमत अशी की, यांतील केसरखान आणि हसन हे कधी गादीवर बसलेच नाहीत. नसीरखानानंतर राज्य दुसऱ्या शाखेकडे होते. १५०८ मध्ये दाऊदखान वारला, वारशाचा तंटा माजला, अहमदनगरच्या निजामशहाने आपला एक उमेदवार पुढे केला. तेव्हा गुजरातच्या महमूद बेगड्याने फौजेनिशी येऊन १५०९ मध्ये तापीकाठच्या थाळनेर येथे हसनाच्या मुलास आदिलखान म्हणून राज्य दिले. कारण उघड आहे: हा मुलगा बेगड्याचा दौहित्र होता. पाठोपाठ बेगड्याच्या मुलाची, म्हणजे पुढे सुलतान झालेल्या दुसऱ्या मुझफ्फरशहाची, कन्याही त्यालाच दिली गेली. इतवारा भागातील बीबीची मशीद परंपरेने हिच्याच नावावर सांगतात. तिच्या मिनारांची घडण पाहिली की अहमदाबाद-चांपानेर आठवते. माहेरचे कारागीर आले असतील काय, असे मनात येते.

म्हणजे ज्या दोन स्त्रियांमुळे हा वंश गादीवर आला आणि टिकला, त्यांचा लेखात मागमूस नाही. त्यांच्या जागी राज्य न केलेले बाप-आजे आहेत. लेख खोटा नाही. रक्ताची साखळी त्याने बरोबर दिली आहे, राज्याची दिली नाही, एवढेच.

सोयरीक नेहमीच पदरात पडे असेही नाही. नसीरखानाने आपली कन्या बहामनी राजपुत्र अलाउद्दीनास दिली होती. पुढे तो सुलतान झाला व संगमेश्वराहून आणलेल्या राजकन्येवर त्याचा जीव जडला. मुलीच्या तक्रारीवरून नसीरखान वऱ्हाडात शिरला, रोहिणखेडला हरला, शत्रूने बुऱ्हाणपूर लुटून जाळले. आणि १४३७ मध्ये तो खचून वारला. गेजेर जळले ते विवाहापूर्वी. आमचे शहर विवाहानंतर जळले.

आदिलखानाचा मुलगा मीरान मुहंमद गुजरातच्या बहादूरशहाचा भाचा. १५३७ मध्ये बहादूरशाह दीव येथे मारला गेल्यावर गुजरातचे तख्त या भाच्याकडे चालत आले, परंतु तिकडे जाताना वाटेतच त्याला मरण आले. त्याचा भाऊ मुबारकशाह याने १५६४ मध्ये आपली कन्या अकबरास दिली. १६०१ च्या आरंभी असीरगड त्याच अकबराच्या हाती गेला आणि फारुकींचे राज्य संपले. मुबारकशहाचे नाव मशिदीच्या लेखात आजही वाचता येते. कन्येचे तेथे नाही.